पाचवी खुर्ची

आर्लिस कॉडिल आयुष्यात चार धंदे शिकला, आणि चारही अर्धे. कोळशाची खाण बंद पडली तेव्हा सरकारनं सगळ्या खाणकामगारांना डोंगरापलीकडच्या कम्युनिटी कॉलेजात पाठवलं आणि वेल्डिंग शिका म्हणून सांगितलं. त्याचं वेल्डिंग निम्म्यावर आलं तोवर वेल्डर घेणारा कारखानाच दुसऱ्या राज्यात निघून गेला. मग डिझेलची इंजिनं झाली, मग विजेच्या तारा झाल्या, मग रुग्णांची शुश्रूषा झाली. मधे एका हिवाळ्यात बायकोच्या, झेलाच्या, हट्टापायी तिच्या शेजारी बसून त्यानं मातीची भांडी करायचा वर्गसुद्धा केला. त्यातला एक वाकडा पेला अजून खिडकीत होता. त्यात झेलाच्या औषधाचे चमचे ठेवलेले असत.

एक ना धड, भाराभर चिंध्या, असं बेअरवॉलोच्या खोऱ्यातले लोक त्याच्याबद्दल म्हणत. पाठीमागेच म्हणत, कारण तोंडावर त्याच्याशी कुणी फारसं बोलतच नसे. ते का, ते पुढे येईलच.

म्हणून जानेवारीत कॉलेजच्या सल्लागार बाईंचा फोन आला आणि ह्याच चिंध्यांची पदवी होऊ शकते असं त्या म्हणाल्या, तेव्हा आर्लिसला कुणीतरी थट्टा करतंय असं वाटलं. बाईंनी न कंटाळता समजावून सांगितलं. सामान्य अभ्यासाची म्हणून एक पदवी असते. तिला साठ क्रेडिट लागतात आणि त्यातले बरेचसे कशाचेही चालतात. वेल्डिंग चालतं, इंजिनं चालतात, मातीची भांडीसुद्धा चालतात. इंग्रजी, गणित, थोडं विज्ञान आणि थोडा इतिहास हे मात्र हवंच, आणि ते त्यानं ह्या ना त्या धंद्याच्या निमित्तानं केव्हाच उरकलेलं होतं. राहिला होता एकच विषय. भाषण.

देवालाही विनोद सुचतात कधीकधी. ज्या माणसाकडून दिवसाला दहा वाक्यं काढायची तर सांडशी लागायची, त्याची पदवी भाषणावाचून अडली होती.

झेला खाटेवरून सगळं ऐकत होती. तिची खाट आता बैठकीच्या खोलीला लागून असलेल्या लहान खोलीत होती, दार उघडं ठेवलं की तिला सगळं घर दिसे. फुप्फुसातला कॅन्सर हाडांत उतरला होता. पुढच्या उन्हाळ्याचा विषय निघाला की लेक्सिंग्टन शहरातले डॉक्टर आपल्या बुटांकडे बघू लागत.

"चिंध्यांचीच गोधडी होते, आर्लिस," ती म्हणाली. "ह्या घरात कुणीतरी एक गोष्ट शेवटाला नेलेली मला बघू दे. मग खुशाल जाते."

त्यानं नाव घातलं. तिला सोडून डोंगर ओलांडून वर्गाला जाणं शक्य नव्हतं, म्हणून घरबसल्या संगणकावर करायचा वर्ग घेतला. त्या वर्गाच्या शिक्षिका, मिस हेन्स, वयानं त्याच्या मुलाहूनही लहान होत्या, पण वागायला गोड. त्यांनी पहिल्याच आठवड्यात अट कळवली. शेवटचं भाषण घरी द्यायचं, त्याची फिल्म काढून पाठवायची, आणि समोर पाच श्रोते हवेत. पाचही जण सज्ञान, पहिल्यापासून शेवटपर्यंत बसलेले, आणि फिल्ममध्ये दिसणारे. भिंतीला भाषण देणं म्हणजे भाषण नव्हे, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. कोणाही माणसाच्या ओळखीची पाच माणसं असतातच.

आर्लिसच्या ओळखीची अख्खं खोरं भरून माणसं होती. झेलाच्या बहिणीखेरीज त्यातलं एकही तीसेक वर्षांत त्याची पायरी चढलं नव्हतं.

तीसेक वर्षांपूर्वी खाणीत मोठा संप झाला. वसंतात सुरू झालेला संप हिवाळ्यापर्यंत चालला. त्याच हिवाळ्यात झेला सातव्या महिन्यात बाळंत झाली. पोर हाताच्या ओंजळीएवढं, लेक्सिंग्टनच्या इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलेलं, आणि संपावरच्या माणसांचा विमा कंपनीनं तोडलेला. एका पहाटे आर्लिस डोकं खाली घालून, फाटकावर उभ्या असलेल्या सगळ्यांमधून खाणीत कामाला गेला. त्या रांगेत बर्ल स्टिडम होता. आर्लिसच्या लग्नात नवऱ्या मुलाशेजारी उभा राहिलेला, एका डब्यातून जेवणारा बर्ल. तो फक्त बाजूला सरला. दुसऱ्या दिवशी आर्लिसच्या टपालपेटीवर कुणीतरी लाल रंगानं 'संपफोड्या' असं लिहून ठेवलं. पोर वाचलं, वेन त्याचं नाव. मोठा होऊन तो इंडियाना राज्यात ट्रक चालवायला गेला. पण बेअरवॉलोत जे गेलं ते परत आलं नाही. आर्लिसनं चर्च सोडलं. त्याच्यामुळे झेलाचंही सुटलं. गोधड्या शिवायला जमणाऱ्या बायका सुटल्या, लग्नाची बोलावणी सुटली. तिनं ह्यावरून त्याला एकदाही बोल लावला नाही, आणि हेच त्याला सगळ्यांत जड जाई.

"लायब्ररीत जातो," तो म्हणाला. "तिथे बसलेले असतात चार रिकामटेकडे."

"घरी," झेला म्हणाली. "घरी बोलाव माणसं. बर्लला सांग. तो आला की बाकीचे येतील."

तो उठून चुलीत लाकूड सारायला गेला. झेलानं पुन्हा सांगितलं नाही, त्या दिवशी तरी.

भाषणाचा विषय तिनंच ठरवला. शेंगा ओवून वाळवायच्या कशा. आमच्याकडे उन्हाळ्यात कोवळ्या शेंगा दोऱ्यात ओवून माळा करतात, त्या वाळून कातड्यासारख्या झाल्या की हिवाळ्यात डुकराच्या मांसाबरोबर दिवसभर रटरटत ठेवतात. आता तर मार्च, शेंगा दुकानातल्या. "ह्यांना शीरच नाही," झेला एक मोडून म्हणाली. "रबर विकतात मेले." पण तालमीला त्या चालल्या. तो बैठकीत उभा राही, ती दारातून बघे. सुई कशी धरायची, शेंगेच्या पोटातून दोरा कसा काढायचा, गाठ कुठे मारायची, हे तो बरं सांगे. आणि मग दर वेळी एकाच जागी त्याची गाडी अडे.

"माळ झाली की ती टांगायची..." असं म्हणून तो थांबे.

"सावलीत, आर्लिस," आतून आवाज येई. "चुलीमागे, सावलीत."

तिथेच का अडे ह्याला कारण होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं अख्ख्या माळा लवकर वाळाव्यात म्हणून पत्र्यावर उन्हात टाकल्या होत्या. सगळ्या पांढऱ्या पडल्या, भुसा झाला. तो हिवाळा त्यांनी मक्याच्या भाकरीवर काढला, आणि ह्या गोष्टीवरून झेलानं त्याला जन्मभर छळलं. मनातून त्याला अजूनही वाटे की ऊनच बरं. म्हणून ते वाक्य त्याच्या तोंडून सरळ निघतच नसे. आणि खरं सांगायचं तर काही दिवसांनी तो मुद्दामही थांबू लागला. तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता, पण त्या एका शब्दाला तो बरोबर यायचा.

मार्चअखेरीला एका दुपारी तो बर्लकडे गेला. गेला म्हणजे फाटकापर्यंत. आमच्या खोऱ्यात कुणी कुणाच्या दारावर थाप मारत नाही. फाटकाशी उभं राहायचं, घराला हाक द्यायची, आणि आतून 'ये' म्हणाले की पाऊल टाकायचं. बर्ल ओसरीवर नुसत्या पायमोज्यांत बसला होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं. हाक द्यायची ती आर्लिसनं दिली नाही, नुसता फाटकाला हात लावून उभा राहिला. मग बर्ल उठला आणि आत निघून गेला.

आर्लिसनं त्याचा एकच अर्थ घेतला. तो वळला आणि घरी आला. बर्ल भेटलाच नाही, असं त्यानं झेलाला सांगितलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

मग त्यानं आपली अक्कल चालवली. झेलाची धाकटी बहीण ऑटी वरच्या वळणावर राहत असे, ती एक. आठवड्यातून दोनदा येणारी नर्स दुसरी. ऑक्सिजनची नळकांडी बदलायला येणारा माणूस तिसरा. झेला चौथी, तिची खाट दारापर्यंत ओढली. आणि पाचव्या खुर्चीवर त्यानं आपला रविवारचा कोट बसवला, आत उशी कोंबली, वर हॅट ठेवली, आणि खुर्ची कोपऱ्यात अशी वळवली की पाठच दिसावी. ऑटीनं ते पाहिलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्यांचं नाव काय?" तिनं विचारलं. झेला म्हणाली, "कुणी का असेनात, आर्लिसपेक्षा बोलके दिसतात." तेवढं हसणं त्या घरात फार दिवसांनी झालं.

भाषण झालं, फिल्म पाठवली, आणि मिस हेन्सचं उत्तर दोन दिवसांत आलं. सौम्यच होतं. भाषण माहितीपूर्ण आहे, हात चांगले चालतात. मात्र एक श्रोता मध्येच उठून गेला आहे. एक श्रोता सुरुवातीपासून अजिबात हललेला नाही, तो कोण आहे हे कृपया कळवावं. आणि एका ठिकाणी श्रोत्यांपैकी कुणीतरी वक्त्याला पुढचा शब्द सांगितला आहे, ते नियमात बसत नाही. श्रोत्यांनी फक्त ऐकायचं असतं. सत्र संपेपर्यंत पुन्हा करून पाठवता येईल.

"माझ्यामुळे नापास झालास," झेला म्हणाली.

"कोटामुळे," आर्लिस म्हणाला.

"पुढल्या वेळी मी तोंड बंद ठेवीन. वचन देते." मग जरा दम घेऊन ती म्हणाली, "पण तू पुरं करशील ना? तू वचन दे."

त्यानं मान हलवली. तिला शब्दात हवं होतं. "करीन," तो म्हणाला.

एप्रिल संपता संपता, डोंगरावर पांढरी फुलं आली होती तेव्हा, एका सकाळी तो चहा घेऊन तिच्या खोलीत गेला आणि ती नव्हती. म्हणजे होती तिथेच, गोधडीखाली, एक हात बाहेर काढून. तो चहा खाली ठेवून तिच्याजवळ बसला आणि ऑटी येईपर्यंत बसून राहिला.

आणि मग जे तीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. बेअरवॉलोत माणसाशी अबोला धरता येतो, मरणाशी धरत नाहीत. दुपारपर्यंत पहिली गाडी आली. मग दुसरी. बायका झाकलेली भांडी घेऊन पायऱ्या चढल्या, हाक न देता, कारण अशा वेळी हाक लागत नाही. भाजलेलं हॅम आलं, बटाट्याचं सॅलड आलं, अंडी आली, कुणाच्या तरी म्हाताऱ्या हातचा सफरचंदाचा थरांचा केक आला. गोधड्या शिवणाऱ्या बायका झेलाच्या खोलीत गेल्या, तिची गोधडी उलटून टाके पाहिले आणि तिथेच उभ्या राहून रडल्या. इंडियानाहून वेन आला. झेलाला टेकडीवरच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवून सगळे पुन्हा घरी आले तेव्हा बसायला खुर्च्या पुरेनात. लोक जिन्यावर बसले, ओसरीवर बसले. आर्लिस मधे उभा होता आणि त्याला एकच सुचत होतं, झेलाला हे बघायचं होतं.

बर्ल स्टिडम पांढरा शर्ट घालून आला होता. म्हातारा झाला होता, श्वास खाणीतल्या माणसासारखाच वाजत होता. तो आर्लिसजवळ येऊन उभा राहिला.

"तिनं मला फोन केला होता," बर्ल म्हणाला. "मार्चमध्ये. म्हणाली, माझ्या माणसाला पाच जण हवेत ऐकायला. मी म्हटलं, झेला, त्याला स्वतः येऊन सांगू दे. एवढंच. मग येतो."

"मी आलो होतो."

"बघितलं की. म्हणून तर आत गेलो, बूट घालायला. तुझ्याबरोबर निघायचं तर मोज्यांवर कसा येऊ? नाड्या बांधून बाहेर आलो तर तू वळणापलीकडे."

बर्ल यायला तयार आहे हे तिला ठाऊक होतं. बर्ल भेटला नाही असं त्यानं सांगितलं तेव्हाही तिला ठाऊक होतं, आणि तिनं डोळे मिटून घेतले होते. एक हाक त्याच्या घशातून निघाली असती तर हे घर ती असताना भरलं असतं. आपण तिला पोरासाठी एकदा एकटं पाडलं आणि मानासाठी दुसऱ्यांदा, असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या वेळेला काही सबब नव्हती.

"हाक मारायची होतीस रे," बर्ल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सत्र उद्या संपत होतं. हे ऑटीला माहीत होतं, आणि ऑटी कुणाच्या बापाला भिणारी नव्हती. तिनं टेबलावरची भांडी एका बाजूला सारली आणि शेंगांची पिशवी आणून ठेवली. आर्लिसला ते शोभेना. आज नको, तो म्हणाला, आज बरं दिसत नाही. ऑटी म्हणाली की बरं दिसण्याची काळजी त्यानं आयुष्यभर केली आणि त्यातून काय मिळालं ते समोर आहे. कोपऱ्यातली खुर्ची उचलून बर्लनं पुढे आणली आणि तिच्यावर बसला. मग बाकीचेही बसले. वेननं फोन उभा धरला.

आर्लिस बोलू लागला. सुई कशी धरायची ते सांगितलं. शेंगेच्या पोटातून दोरा कसा काढायचा ते दाखवलं. बायका माना हलवत होत्या, त्यांतल्या बहुतेकींना हे त्याच्याहून चांगलं येत होतं, पण त्या पहिल्यांदा ऐकत असल्यासारख्या ऐकत होत्या. त्यानं गाठ मारली. माळ वर उचलून धरली.

"माळ झाली की ती टांगायची..." तो म्हणाला आणि थांबला.

ह्या वेळी तो मुद्दाम थांबला नव्हता. सवयीनं थांबला. आणि सवयीनंच त्याची मान उजवीकडे, उघड्या दाराकडे वळली. आत खाटेवर गोधडी नीट घडी करून ठेवलेली होती. तो वाट बघत राहिला. खोलीत एवढी माणसं होती, त्यांतल्या प्रत्येकाला माळ कुठे टांगायची ते माहीत होतं, पण श्रोत्यांनी बोलायचं नाही हे ऑटीनं सगळ्यांना आधीच बजावलं होतं. बर्लच्या छातीचा आवाज तेवढा येत होता.

"सावलीत," आर्लिस म्हणाला. आवाज त्याला स्वतःचाच ओळखू आला नाही. "चुलीमागे, सावलीत. उन्हात नाही." आणि मग त्यानं उरलेलं भाषण पुरं केलं.

फिल्मबरोबर त्यानं काही लिहिलं नाही. लिहायचं तरी काय? वेन इंडियानाला परत गेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिस हेन्सचं उत्तर आलं तेव्हा ऑटी स्वयंपाकघरात लोकांची भांडी पुसून वेगळी करत होती. बर्ल ओसरीवर बसला होता, आता तो रोज दुपारी येई, फाटकाशी हाक देऊन.

ऑटीनं काय झालं ते विचारलं.

"पास केलं."

"आणखी काय म्हणते?"

आर्लिसनं चष्मा लावला आणि हळूहळू वाचून दाखवलं. श्रोते पाचाहून कितीतरी जास्त जमवलेत, आणि सगळे छान पोशाख करून आले, त्याबद्दल अभिनंदन. तुमचं घर माणसांनी भरलेलं असतं हे पाहून आनंद झाला. एका जागी तुम्ही श्रोत्यांवरची नजर काढून बराच वेळ बाजूला पाहत राहिलात, त्याचे गुण कापले आहेत. पण मागच्या वेळेपेक्षा खूप सुधारणा आहे.

तिथे तो थांबला. ऑटीला वाटलं संपलं.

"ह्या वेळी," आर्लिसनं वाचलं, "कुणी मधे सांगितलं नाही."

ऑटीनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि ती ओसरीवर निघून गेली. आर्लिसनं चष्मा काढून खिशात ठेवला. चुलीमागच्या खिळ्यावर ती माळ टांगलेली होती. दुकानातल्या शेंगा होत्या, पण वाळत होत्या बऱ्या. त्यानं पुसलेली भांडी एकात एक ठेवली आणि कुणाचं कुठलं ते आठवून बघू लागला, कारण ती सगळी घरोघर जाऊन परत द्यायची होती.